कर्ज सरकारचं, फेडायचं कोणी?

महालकर
काल नागपुरात बर्डीवर तर्री पोहे खाताना पेटलेला वाद इथं आणतोय. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा. २०११ च्या जनगणनेतल्या ११ कोटी २४ लाखांनी भागा, डोईमागे ८३ हजार येतात. पगार हाती येण्याआधीच टीडीएस म्हणून आयकर आमचा कापला जातो, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० आमचे जातात, अन् लाडक्या बहिणींसाठी तरतूद ३६ हजार कोटींची. काहून बावा?

झिरोमाईल
भाऊ, "आम्हीच कर भरतो" हे आधी सोडा. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई २९९ चं रिचार्ज मारतात. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये ६० पैसे. मीही २९९ चंच मारतो, मलाही तेवढेच पैसे. माझा पगार त्यांच्या आठपट आहे.

हिशेबनीस
कर्ज कशासाठी काढलं ते दोघंही बघत नाही आहात. आपल्या नागपूर मेट्रोसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं ५० कोटी युरोंचं कर्ज आलं. आपली पोरं त्यात बसणार, त्यांनी थोडं फेडलं तर बिघडलं काय? समृद्धी महामार्गावर तर जो जातो तोच टोल देतो. पण याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, या रोजच्या खर्चालाही उसनवारी. किराण्याची उधारी नातवाच्या खात्यावर!
आणि महालकर, तुमचा तो व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तोच रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं दुष्काळातल्या मजुराला हात द्यायचा, हे तेव्हाच ठरलं होतं.

झिरोमाईल
पेन्शनचं निघालंच आहे तर विचारतो. महालकर, तुमच्या घरी येते का?

महालकर
बाबांना येते. ३३ वर्षं नोकरी केली त्यांनी, हक्क आहे.

झिरोमाईल
ताई २२ वर्षं भांडी घासताहेत. त्यांच्या लाडकी बहीणच्या महिना १,५०० ला मात्र खिरापत म्हणायचं?

महालकर
खिरापत मी म्हटलं नव्हतं, पण रोख तोच होता, मान्य. तरी एक सांगा. माझ्या १६ लाखांच्या वरच्या पगारावर २० टक्के, अन् शेअर वर्षभर ठेवून विकले की नफ्यावर साडेबारा. तोही पहिल्या सव्वा लाखानंतर. हा कोणता न्याय?

हिशेबनीस
आता कुठं बरोबर दिशेला पाहिलंत. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.