महाराजांच्या घरातलं बालपण : लाड की छळ?

चंद्रभागाकाठची
आषाढीला एका दिंडीत सातेक वर्षांचा मुलगा दिसला. डोक्याला फेटा, गळ्यात त्याच्याएवढी वीणा. साठीच्या बायका वाकून त्याच्या पाया पडत होत्या आणि तो पेंगत होता. पोटात कालवलं. मीही फडाच्या, म्हणजे वारकऱ्यांची कीर्तन-परंपरा चालवणाऱ्या महाराजांच्या घरातलीच. आंब्याच्या पेट्या दारात यायच्या, फी शिष्य भरायचे. पण चारचौघांत रडायची मुभा नव्हती. दशमीला भाऊ तापानं फणफणला होता, तरी त्याला टाळ घेऊन कीर्तनात उभं केलं. ‘महाराजांचा मुलगा बसत नसतो.’ कुणी कधी हात उगारला नाही. मग याला छळ म्हणायचं का? लिहा तुम्ही पण.

नगरकरीण
चर्चच्या पाळकाची लेक. गणितात नापास झाले तर रविवारी भर उपासनेत माझं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळ्यांनी प्रेमानंच केली हो. मी आजही गर्दीत पुढच्या बाकावर बसत नाही.

वाढपी
स्पष्ट लिहितो. माझी आई अशाच एका वाड्यात ‘सेवा’ म्हणून फुकट भांडी घासायची. तुमच्या ताटात तूप होतं. छळ हा शब्द वाचून राग आला.

चंद्रभागाकाठची
@वाढपी राग बरोबर आहे. त्या मावश्यांना आम्ही एकेरी हाक मारायचो, कुणी टोकलंही नाही. तेही तिथंच शिकलो.

काळा_कोट
बाल न्याय कायदा 2015, कलम 75 : मुलाला विनाकारण मानसिक त्रास होईल असं वागणंही क्रौर्यात येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. पण पाया पडून घेणाऱ्या मुलाची तक्रार करणार कोण?

सोलापुरी
पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातले पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं संपले. निकाल योग्यच. पण नात्यातला एकजण तेव्हा पंचेचाळिशीचा. देवळातल्या पूजेच्या पाळीशिवाय त्याला काही शिकवलंच नव्हतं. वर्षभर घराबाहेर पडला नाही.

आज्जी६८
दशमीचं वाचून माझी एकादशी आठवली. भगरीबरोबरची दाण्याची आमटी कुणी नीट सांगेल का? माझी फुटते.

नगरकरीण
@सोलापुरी आता कसे आहेत ते?

सोलापुरी
किराणा दुकान टाकलंय. बरं चाललंय.

चंद्रभागाकाठची
आत्ता भावाला फोन केला. म्हणाला, ‘ताई, त्या रात्री मला फक्त आईजवळ झोपायचं होतं.’ पुढं काही लिहवत नाही. आज्जी, दाण्याचं कूट अगदी बारीक वाटा आणि आच मंद ठेवा.