अमेरिकन फुटबॉल: ऑफेन्स नेमका कशामुळे अडतो, कोचची स्कीम की प्लेअर?

ऐरोली_नाइटशिफ्ट
मंडळी, इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे थोडेच आहेत माहितीये, तरी विचारतो. आमच्या ऑफिसात यूएस शिफ्टमुळे बऱ्याच जणांना या गेमचा नाद लागलाय आणि परवा कँटीनमध्ये यावरून चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, ऑफेन्स (बॉल घेऊन पॉइंट काढणारी बाजू) किती चालणार हे कोच आणि त्याची स्कीम, म्हणजे प्ले रचायची पद्धत, ठरवते. रॅम्स टीम बघा ना. 2016 ला जेफ फिशरची टीम, अख्ख्या सीझनमध्ये 224 पॉइंट, 32 टीममध्ये शेवटचा नंबर. क्वार्टरबॅक (बॉल फेकून ऑफेन्स चालवणारा) जॅरेड गॉफ नवखा, त्याने सुरू केलेल्या सातही मॅच हरले. 2017 ला शॉन मॅकव्हे कोच म्हणून आला आणि तोच गॉफ घेऊन 478 पॉइंट, लीगमध्ये एक नंबर! मॅकव्हे टीमला पटकन लाइनवर उभी करायचा, कारण प्लेक्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरेपर्यंत क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ चालू असतो, तेवढ्यात समोरचा डिफेन्स कसा लागलाय ते बघून तो गॉफच्या कानात सांगू शकायचा. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) टॉड गर्ली पण तोच, 2016 ला एका कॅरीला, म्हणजे एकदा बॉल घेऊन पळण्याला, जेमतेम 3.2 यार्ड आणि पुढच्याच वर्षी ऑफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. माणसं तीच, कोच बदलला. मग टॅलेंट टॅलेंट कशाला करायचं? पटत नसेल तर कारण देऊन सांगा.

कळवा_ईस्ट
दादा, माणसं तीच कुठे होती? क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमध्ये डाव्या टोकाला (लेफ्ट टॅकल) अँड्र्यू व्हिटवर्थ त्याच वर्षी आला, मधोमध (सेंटर) जॉन सुलिव्हन आला, पास झेलणाऱ्या रिसीव्हरमध्ये रॉबर्ट वुड्स, सॅमी वॉटकिन्स आणि ड्राफ्टमधून (नव्या प्लेअरच्या वार्षिक निवडीतून) कूपर कप. एवढं सगळं सोडून क्रेडिट एकट्या कोचला कसं देतोस. आणि फेब्रुवारी 2019 ची सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, विसरलास? पेट्रियट्सनी मॅकव्हेच्या अख्ख्या ऑफेन्सला 3 पॉइंटवर रोखलं. स्कीम उलगडली गेली की मग क्वार्टरबॅकला स्वतःच्या डोळ्याने वाचावं लागतं आणि तिथे गॉफ कमी पडला. म्हणून तर 2021 ला गॉफ प्लस ड्राफ्टचे दोन फर्स्ट राउंड पिक आणि एक थर्ड राउंड देऊन डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड आणला, आणि पहिल्याच सीझनला सुपर बोल जिंकले. स्वतः मॅकव्हेलाच माहीत होतं की माझी स्कीम या प्लेअरबरोबर इथपर्यंतच जाते.

ऐरोली_नाइटशिफ्ट
व्हिटवर्थचा मुद्दा मान्य. पण मग तोच "कमी पडलेला" गॉफ डेट्रॉइटला जाऊन तिथला ऑफेन्सचा कोच बेन जॉन्सनच्या हाताखाली 2024 ला 564 पॉइंट काढतो, लीगमध्ये सगळ्यात जास्त, त्याचं काय?

घोडबंदर_रोड
तुम्ही दोघं क्वार्टरबॅक आणि कोच यातच अडकलाय. डेट्रॉइटचं उत्तर गॉफच्या पुढ्यात उभं होतं, लाइनमधले पेनेई सूएल आणि फ्रँक रॅगनाऊ. मी कित्येक सीझन बघतोय आणि माझं ठाम मत झालंय की ऑफेन्सची खरी लिमिट म्हणजे पुढचे पाच जण, ऑफेन्सिव्ह लाइन. बाकी कुठलीही उणीव चांगला कोच झाकू शकतो, ही नाही झाकता येत.

चीफ्स टीमच बघा. अँडी रीड कोच, माहोम्स क्वार्टरबॅक, केल्सी टाइट एंड (ब्लॉकही करतो, पासही झेलतो), यापेक्षा काय हवंय? फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलला दोन्ही नेहमीचे टॅकल, फिशर आणि श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. 31-9 ने हरले, एक टचडाउन नाही, माहोम्स अख्खा गेम मागे मागे पळत होता. मग फेब्रुवारी 2025 ला ईगल्ससमोर लेफ्ट टॅकलला जो थुनी, जो मुळात गार्ड (टॅकल आणि सेंटरच्या मधला). ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त माणसं सोडणं) केलं नाही तरी सहा सॅक, म्हणजे सहा वेळा क्वार्टरबॅक बॉलसकट आडवा. पहिल्या हाफमध्ये चीफ्सचे सगळे मिळून 23 यार्ड!

आता हे नीट समजून घ्या. चारच जण सोडून प्रेशर येत असेल तर मागे सात जण पास अडवायला मोकळे. कोच काय करणार, टाइट एंडला आधी टॅकलच्या मदतीला थांबवणार, रनिंग बॅकला ब्लॉकिंगला ठेवणार, म्हणजे पास घ्यायला ठरलेल्या वाटेने (रूट) पळणारे पाचाचे तीन झाले आणि त्या तिघांवर सात. किंवा मग स्क्रीन (लाइनच्या मागेच दिलेला पास) आणि दोन सेकंदात सुटणारे छोटे पास, ते डिफेन्सला दोन ड्राइव्हमध्ये (बॉल हातात असतानाच्या दोन चढायांत) कळतात. प्लेबुकमध्ये ढीगभर प्ले असतील, लाइन हरत असली की त्यातले खेळता येण्यासारखे मूठभरच उरतात. तेव्हा टीव्हीवर लोक ओरडतात की प्लेकॉलिंग भंगार आहे. अरे, बाकीचे प्ले बोलवायला वेळच मिळत नाहीये त्याला!

नेरूळची_राइट_विंगर
दादा, लाइनचं एकदम पटलं. मी इथे मैत्रिणींबरोबर फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडायच्या ऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार, खेळते (2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला तो आहे, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आयओसीचं सेशन आपल्या मुंबईतच झालं तेव्हा ठरलं). त्यात पाचविरुद्ध पाच, ब्लॉकिंगच नाही, रश करणारी (क्वार्टरबॅकवर धावून जाणारी) 7 यार्ड मागून सुटते. म्हणजे लाइनचा प्रश्न नाहीच, मग स्कीम सगळं चालवेल असं वाटेल ना, तर तसंही नाही होत. आम्ही स्लँट (तिरकं आत वळणं) आणि त्याच्या बाहेरून फ्लॅट (कडेला छोटं पळणं) असा साधा प्ले खेळतो. कागदावर एक जण मोकळी सुटतेच. पण स्लँटवालीने तिसऱ्या पावलावर वळायचं असतं, ती पाचव्यावर वळली की बॉल तिच्या पाठीमागून जातो आणि डिफेंडरच्या छातीवर आदळतो. स्पीड आहे, हात चांगले आहेत, प्ले पण बरोबर आहे, फक्त घोटून घोटून पाठ नाही झालेला. माझ्या मते कोचची परीक्षा तिथे असते, किती प्ले काढले यापेक्षा त्यातले किती टीमच्या पायात उतरवले.

कळवा_ईस्ट
ताई भारी मुद्दा. पण उतरवायला तो माणूस फिट पण पाहिजे. कोच शॅनहनच्या 49अर्स टीमचे प्ले सगळ्यांना पाठ होते, ड्राफ्टमध्ये 262 वा म्हणजे शेवटचा घेतलेला क्वार्टरबॅक पर्डी 2023 ला 4280 यार्ड मारून गेला, टीम 12 जिंकली, 5 हरली. पुढच्या वर्षी रनिंग बॅक मॅकॅफ्री चारच गेम खेळला, रिसीव्हर आयुकचा गुडघा गेला, 6-11. कोच तोच, प्लेबुक तेच.

ऐरोली_नाइटशिफ्ट
घोडबंदर दादा, तुमचं वाचून ईगल्सवाला गेम परत लावला, यावेळी बॉल सोडून फक्त दोन्ही टॅकल बघितले. थुनीच्या बाजूला माहोम्सला पाय रोवायला जागाच नव्हती. तरी माझं एक म्हणणं उरतंच, लाइन ठीकठाक असलेल्या दोन टीममध्ये फरक कोचचाच पडतो, यावर कोणाकडे उलटं उदाहरण असेल तर टाका. आणि पुढची सुपर बोल ठाणे-नवी मुंबईत कोणी एकत्र बघणार असेल तर कळवा, सोमवारी पहाटे पाचला सुरू होते, मी शिफ्टवरून थेट येईन.