मदत हवी आहे: गोडलिंबावरच्या (कढीपत्त्यावरच्या) अळीचा कोष खाली पडला, काय करू?

मंडळी, आरमोरीजवळच्या खेड्यात राहतो. अंगणातल्या गोडलिंबावर लेकीला दोन अळ्या सापडल्या. लहानपणी हुबेहूब पाखराची विष्ठा, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून लालसर दुभंगी शिंग बाहेर काढायच्या, आणि वास असा की पोरगी हात धुतच बसायची. लिंबाळी फुलपाखराच्या आहेत, एवढं कळलं.

मग दोघींनी काडीला शेपटाकडून चिकटून, कमरेला धाग्याचा पट्टा बांधून कोष केला. आमच्या इकडे कोसा म्हणजे ऐनाच्या झाडावरचा रेशमाचा कोष, टणक. आई विचारते, "याचं रेशीम कुठं गेलं?" आई, तो पतंगाचा, हे फुलपाखरू!

आज अकरावा दिवस. एक कोष हिरवाच आहे. दुसरा काल खराटा लागून पडला, पट्टा तुटला आणि आज तो काळपट दिसतोय. निघायच्या आधी कोषातून पंखांचे रंग दिसतात हे माहीत आहे, पण मेलेला कोषही काळाच पडतो ना? फरक कसा ओळखायचा? परजीवी माशीचं बारीक छिद्र शोधलं, नाही दिसलं.

दुसरं म्हणजे, तो परत टांगायचा कसा? शेपटीला डिंक लावून काडीला चिकटवू, की खडबडीत कापडावर ठेवू? बाहेर आल्यावर लोंबकळायला जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच राहतात, म्हणून ताटलीत तसाच ठेवायची भीती वाटते.

जरा लवकर सांगा, लेक शाळेतून पाचला येते.