दम्यासाठी नुसता निळा पंप पुरेसा आहे का?

रानवाट (चर्चेची सुरुवात)

माझा धाकटा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये काम करतो. त्याला सहा वर्षांपासून दमा आहे आणि या सहा वर्षांत त्याच्या खिशात एकच औषध होते, ते म्हणजे सालब्युटामॉलचा निळा पंप. धाप लागली की दोन फवारे घ्यायचे आणि मोकळे वाटले की पुन्हा कामाला लागायचे, असा त्याचा क्रम होता. गेल्या दिवाळीत मध्यरात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा त्याला एक सलग वाक्य बोलता येत नव्हते. प्राण वाचले. घरी परतताना त्याने मला विचारले, "पंप तर रोज घेत होतो, मग असे का झाले?"

दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि त्याच वेळी नलिकांचे आतले अस्तर सुजून त्यावर चिकट कफ साठतो. सालब्युटामॉल स्नायू सैल करते. त्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि चार ते सहा तास टिकतो. सुजेवर मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाटते की आजार आटोक्यात आहे, आणि आत सूज वाढतच राहते. सूज उतरवण्याचे काम श्वासावाटे घेतलेले स्टेरॉइड करते. म्हणूनच 'जिना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक दमा मार्गदर्शक गटाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे श्वासनलिका मोकळे करणारे औषध एकाच पंपातून द्यावे, आणि दमा हलका असेल तर तो पंप धाप लागेल तेव्हाच वापरला तरी चालेल. माझे मत असे आहे की आपल्याकडेही नुसता निळा पंप लिहून देणे आता थांबले पाहिजे.

खलबत्ता

मी तालुक्याच्या गावात औषधांचे दुकान चालवतो आणि आपल्या मताशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. माझ्याकडे येणारा मजूर महिन्याचे औषध एकदम घेत नाही. तो चार दिवसांच्या गोळ्या घेतो, आणि त्याही बहुधा सालब्युटामॉल किंवा थिओफिलिनच्या, कारण पंपापेक्षा त्या स्वस्त पडतात आणि चारचौघांत तोंडाला पंप लावण्याची त्याला लाज वाटते. अशा माणसाला मोठ्या कष्टाने निळ्या पंपापर्यंत आणल्यावर "हा चालणार नाही, याहून महाग घ्या" असे सांगितले, तर तो महाग पंपाकडे न वळता पुन्हा गोळ्यांकडे जाईल. रात्री दोन वाजता धाप लागते तेव्हा हाताशी काय आहे, याला महत्त्व आहे, आणि निळ्या पंपाने कितीतरी माणसे सकाळपर्यंत तगली आहेत. त्याच्याविषयी भीती पसरवू नये, एवढीच माझी विनंती आहे.

अबोली

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. डॉक्टरांनी रोजचा स्टेरॉइड पंप सांगितला, परंतु सासूबाईंचे आणि खरे सांगायचे तर माझेही मन तयार होत नाही. एकदा सुरू केला की त्याची सवय लागते आणि मुलांची उंची खुंटते, असे सगळेच म्हणतात. मग त्रास होईल तेवढ्यापुरते औषध देणे अधिक सुरक्षित नाही का?

निर्मळवारा

मी गेली अनेक वर्षे छातीच्या विकारांचे रुग्ण पाहत आहे, म्हणून अबोलीताईंना आधी उत्तर देतो. उंचीची भीती पूर्णपणे निराधार नाही आणि ती कुणी उडवून लावू नये. अमेरिकेत काही वर्षे रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. याच्या दुसऱ्या पारड्यात रात्रीची मोडलेली झोप, बुडलेली शाळा आणि मोठ्या झटक्याचा धोका आहे. झटका आला की तोंडाने स्टेरॉइड द्यावेच लागते, आणि तेव्हा ते मिलिग्रॅममध्ये जाते, तर पंपातून मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. सवय म्हणाल, तर पंपाचे व्यसन लागत नाही. औषध थांबवल्यावर त्रास परततो, कारण आजार गेलेला नसतो. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून औषध द्या आणि नंतर चूळ भरायला लावा, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

रानवाट यांच्या मांडणीतील निम्म्या भागाशी मी सहमत आहे, उरलेल्या निम्म्याशी नाही. नुसता निळा पंप नको, हे खरे. मात्र "लागेल तेव्हाच घ्या" ही सवलत मला धोक्याची वाटते. हलक्या दम्यावरच्या ज्या 'सिग्मा' चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांपैकी पहिलीत बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप, म्हणजे जोडपंप, गरजेपुरता घेणाऱ्यांचा दमा ३४.४ टक्के आठवडे उत्तम आटोक्यात होता, तर रोज नियमित बुडेसोनाइड घेणाऱ्यांचा ४४.४ टक्के आठवडे. हा फरक रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवतो. शिवाय आपले रुग्ण त्रास अंगवळणी पाडून घेतात. जिना चढताना थांबावे लागणे त्यांना वयाचा भाग वाटतो. त्यांच्यावर निर्णय सोपवला तर ते औषध घेणारच नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ नियमित औषधच लिहून देतो.

रानवाट

डॉक्टर, आपण दिलेला आकडा बरोबर आहे. मात्र त्याच चाचणीत नियमित गटाला दिवसातून दोनदा आठवण करून देणारी व्यवस्था होती, आणि तशी आठवण माझ्या भावाला कोण करून देणार? दुसरा आकडाही पाहावा. नुसते तात्पुरते आराम देणारे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत गरजेपुरता जोडपंप घेणाऱ्यांना गंभीर झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. दुसऱ्या 'सिग्मा' चाचणीत तर नियमित गट आणि गरजेपुरता घेणारा गट यांच्यात गंभीर झटक्यांचे प्रमाण जवळपास सारखे राहिले, आणि स्टेरॉइडची दैनंदिन मात्रा मात्र २६७ मायक्रोग्रॅमवरून ६६ वर आली. जो रोज औषध घेईल त्याने अवश्य घ्यावे. जो घेणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या खिशात निदान असा पंप असावा की धाप लागल्यावर आपोआप स्टेरॉइडही पोटात नव्हे, छातीत जाईल. माझा आग्रह या माणसासाठी आहे.

पैलतीर

पंपाच्या कटकटीपेक्षा रात्री माँटेलुकास्टची एक गोळी घेणे सोपे आहे. माझे तीन वर्षे व्यवस्थित चालले आहे.

निर्मळवारा

आपल्याला गुण आला, हे चांगलेच झाले. ॲलर्जीची सर्दी सोबत असलेल्यांना तो येतो. तरीही दम्यावर ती स्टेरॉइड पंपाइतकी प्रभावी नाही. शिवाय २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला, कारण काहींमध्ये वाईट स्वप्ने, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसले होते. घरच्यांना हे माहीत असू द्या.

खलबत्ता

वरचे सर्व वाचून मी माझ्या बोलण्यातील एक भाग मागे घेतो. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि चार मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीस पट. हात थरथरतात, छाती धडधडते, तरी ती गोळी मी वर्षानुवर्षे देत आलो. थिओफिलिनचे तर आणखी अवघड आहे, कारण गुण येणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर नसते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोबत चालू असेल तर तिची रक्तातील पातळी चढते. किमतीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. सरकारी दवाखान्यात जोडपंप बाराही महिने मोफत मिळणार नसेल, तर आपली ही चर्चा ज्याला परवडते त्याच्यापुरतीच राहील.

रानवाट

किमतीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात लेखी मागणी करण्यात मी आपल्याबरोबर आहे. तोवर आपल्या दुकानातून एक गोष्ट होऊ शकते. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षात असे तीन किंवा अधिक पंप लागले तर गंभीर झटक्याचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक लागू लागला तर मृत्यूचा, असे 'जिना' सांगते. डॉक्टरांकडे वर्षातून एकदाही न जाणारा माणूस आपल्या दुकानात मात्र येतोच. तिसरा पंप मागणाऱ्याला तो जरूर द्यावा, आणि त्याच वेळी डॉक्टरांकडे जायला सांगावे.

निर्मळवारा

त्यात एक भर घालतो. धाप लागल्यावर घ्यायचा जोडपंप फॉर्मोटेरॉलचाच हवा, कारण ते सालब्युटामॉलप्रमाणे काही मिनिटांत काम करते. सालमेटेरॉल असलेला जोडपंप त्यासाठी वापरू नये. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा एकाच्या जागी दुसरा दिला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.