मदत हवी आहे: केळीच्या राखेच्या पाण्यात खार किती? कोणता अंत्यबिंदू (रंग बदलल्यावर आम्ल थांबवायची खूण) धरू?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घड उतरल्यावर आमच्याकडे बांधाबांधावर केळीच्या खोडांचे ढीग पडतात. नववीच्या मुलींनी ती वाळवून जाळली, राख रात्रभर पाण्यात ठेवली आणि कापडातून गाळली. हळदीचा कागद त्यात लालभडक होतो. पण "खार आहे" एवढ्यावर मुली थांबायला तयार नाहीत, त्यांना आकडा हवाय. मला त्याचं फार कौतुक वाटतं, म्हणून उत्तर पक्कं द्यायचंय.

गाळलेलं पाणी २० मिलि घेऊन डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलि केलं. त्यातलं १० मिलि फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये (थेंब मोजून सोडायच्या नळीत) ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल (वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटवर तपासलेलं). फ्लास्कमध्ये टाकलेल्या फिनॉफ्थॅलीन या रंगसूचकाचा गुलाबी रंग ६.२ मिलिला गेला. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज हा दुसरा रंगसूचक टाकून पुढे गेलो, तर एकूण १४.८ मिलि लागले. सूत्रात कोणता आकडा घालू? शिवाय पाणी पिवळसर असल्याने दुसरा बदल नीट दिसत नाही.

उत्तर:
ताई, दोन्ही आकडे कामाचे आहेत. राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. फिनॉफ्थॅलीनचा रंग जातो तेव्हा कार्बोनेटचं फक्त बायकार्बोनेट झालेलं असतं, म्हणजे निम्मंच काम. उरलेलं मिथिल ऑरेंजपर्यंत होतं. निव्वळ कार्बोनेट असतं तर एकूण १२.४ लागले असते. वरचे २.४ मिलि आधीपासूनच्या बायकार्बोनेटचे धरतात. पाणी उघडं राहिलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते तयार होतं.

एकूण खारासाठी १४.८ घ्या. १४.८ × ०.१ ÷ १० = ०.१४८ नॉर्मल. पाचपट पातळ केलंय, म्हणून मूळ पाणी ०.७४ नॉर्मल. एक नॉर्मल म्हणजे लिटरला ६९.१ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, म्हणून ६९.१ ने गुणलं की लिटरला साधारण ५१ ग्रॅम. मात्र फलकावर "एकूण खार, पोटॅशियम कार्बोनेटच्या हिशोबात" असंच लिहा, कारण राखेतले सिलिकेट आणि फॉस्फेटही आम्ल खातात.

पहिल्या टप्प्यात आम्ल सावकाश सोडा, फ्लास्क हळू फिरवत राहा. घाई केली तर जिथे थेंब पडतो तिथून कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि ६.२ चा आकडा फुगतो. रंगासाठी शेजारी दुसरा फ्लास्क ठेवा: तेच पातळ पाणी आणि मिथिल ऑरेंज, आम्ल नाही. पिवळा पहिल्यांदा नारिंगीकडे वळला की थांबा. जवळच्या कॉलेजात पीएच मीटर मिळालं तर ८.३ आणि साधारण ४.३ ला थांबायचं, रंगाची भानगडच नको.

विचारणारी:
मनापासून आभार दादा! हा निम्म्याचा हिशोब मुली फळ्यावर स्वतः मांडतील. कपाशीच्या पऱ्हाटीच्या राखेलाही हीच रीत चालेल ना?

उत्तर:
चालेल. फक्त दोन्ही राखा सारख्याच तोलून घ्या आणि पाणीही तेवढंच घाला.