सीएनजी पंप बंद, पण घरचा गॅस चालू. असं कसं? आणि गॅसचा साठा असतो कुठे?

भाडं_नाकारत_नाही (घाटकोपर)
नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत मोठ्या पाइपलाइनला कुणाच्या तरी कामात धक्का लागला आणि सीएनजीचे पंप पटापट बंद पडले, आठवत असेल. मी रिक्षा घेऊन रांगेत ताटकळत, आणि बायको फोनवर सांगतेय, घरी गॅस नेहमीसारखा पेटतोय. गॅस तोच ना? मग आमच्याच पोटावर पाय का? आणि एवढ्या शहराला गॅसची टाकी नसते का कुठे, आमच्या टेकडीवर पाण्याची आहे तशी? रांगेत एक जण म्हणे, भाव वाढवायला मुद्दाम करतात. जाणकारांनी सांगा.

स्काडा_काका (पनवेल)
मुद्दाम कोणी करत नाही हो. माझी सगळी नोकरी पाइपलाइनच्या कंट्रोल रूममध्ये झाली, म्हणून सांगतो.

घरच्या शेगडीला लागतो फक्त २१ मिलिबार दाब (हजार मिलिबार म्हणजे एक बार). मोठ्या लाइनमधून पन्नास-सत्तर बारने आलेला गॅस शहराच्या वेशीवर, सिटी गेट स्टेशनला, वीसेक बारवर उतरवतात. पुढे गल्लीतल्या प्लास्टिकच्या पाइपात ४ बार, इमारतीपाशी १०० मिलिबार आणि मीटरजवळ २१. म्हणजे शहरातल्या त्या वीसेक बारच्या स्टीलच्या लाइनचा दाब निम्मा झाला तरी तुमच्या पोळ्यांना पत्ता लागत नाही. पंपाचं उलट. तिथल्या कंप्रेसरला गॅस २०० बारच्याही वर दाबायचा असतो. आत येणारा दाब ठरावीक आकड्याखाली गेला की मशीन आपोआप ट्रिप. शिवाय घराला दिवसाला सरासरी अर्धा घनमीटर पुरतो. तुमची एक रिक्षा फुल केली की दहा घरांचा दिवस गेला. त्यामुळे ओढाताण झाली की आधी कारखाने, मग पंप, आणि घरं सगळ्यात शेवटी.

आता टाकी. नाही! जमिनीखाली नैसर्गिक वायू साठवायची सोय आपल्या देशात अजून नाही. मंगळूर, विशाखापट्टणमला भुयारं आहेत ती कच्च्या तेलाची आणि एलपीजीची. आपला साठा दोनच ठिकाणी. एक, दहेज-दाभोळसारख्या टर्मिनलवर, म्हणजे जहाजांनी आलेला गॅस उतरवतात तिथे, उणे १६० अंशांच्या आसपास द्रवरूपात ठेवलेला. (दाभोळला लाटा अडवणारा बांध कित्येक वर्षं अपुरा होता, पावसाळ्यात जहाज लागत नसे. एवढं टर्मिनल बांधायचं आणि चार महिने समुद्राकडे बघत बसायचं!) दुसरा साठा म्हणजे खुद्द पाइप. त्याला लाइनपॅक म्हणतात.

हिशेब करा. ३० इंची पाइपात किलोमीटरला सव्वाचारशे घनमीटर पोकळी. ७० बारला त्यात तीस-पस्तीस हजार घनमीटर गॅस बसतो. दाब ५० वर येऊ दिला तर दहाएक हजार काढता येतो. रात्री मागणी झोपली की लाइन भरून घ्यायची, पहाटे शेगड्या आणि रिक्षा एकदम जाग्या झाल्या की दाब उतरू द्यायचा. आमची रात्रपाळी त्या आलेखाकडे बघण्यातच जायची. पण हा साठा तासांचा, दिवसांचा नव्हे. आणि लाइन फुटली की दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद होतात. मग मागे कितीही गॅस असो, पुढच्या तुकड्यात उरलाय तेवढाच शहराचा.

दुरुस्तीत वेल्डिंगला फार वेळ जात नाही, वेळ खातं बाकीचं काम. आधी तो तुकडा रिकामा करायचा, नायट्रोजनने धुवायचा, जोडाचा एक्स-रे काढायचा, मग सावकाश पुन्हा भरायचा. घाई करणारा साहेब भेटला की मला घाम फुटायचा.

मिसळ_इन_ह्यूस्टन
इकडे अमेरिकेत भूमिगत साठे चारशेच्या आसपास आहेत: रिकामी झालेली तेल-वायू क्षेत्रं, मिठाची भुयारं वगैरे. एप्रिल ते ऑक्टोबर भरायचे, थंडीत उपसायचे. त्यातला मोठा हिस्सा 'कुशन गॅस', तो दाब टिकवायला कायम आतच. दर गुरुवारी सरकार साठ्याचा आकडा जाहीर करतं आणि बाजार उड्या मारतो.

पण साठा आहे म्हणून निवांत, असं नाही. लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅन्यनच्या साठ्याची एक विहीर ऑक्टोबर २०१५ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत गळत होती, हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. आणि फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये वायूच्या विहिरी गोठल्या, वर वीजकपातीत गॅसच्याच काही यंत्रणांची वीज तोडली गेली. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही.

भाडं_नाकारत_नाही
काका, पटलं. म्हणजे बायको त्या दिवशी पाइपातला उरलासुरला जाळत होती, आणि मी उपाशी. एक सांगा, गर्दीच्या वेळी पंपावर टाकी पूर्ण का भरत नाही? मीटरमध्ये गडबड?

स्काडा_काका
मीटर वजन मोजतो. कमी भरला तर पैसेही कमीच लागतात, बघा. पंपावर सिलिंडरांची चळत असते, कंप्रेसर ती भरत राहतो. रांग मोठी असली की चळतीचा दाब पडतो आणि तुमची टाकी दीडशे-पावणेदोनशे बारवरच थांबते. पाळी बदलायच्या वेळेला जाऊ नका. रात्री अकरानंतर भरून बघा.