'पेर्फेत्ती स्कोनोशूती' या इटालियन सिनेमाचा शेवट म्हणे फसवणूक!

तिरकस: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं, "शेवटी 'हे घडलंच नाही' म्हणत दिग्दर्शक पळून गेला, दोन तास वाया." एकतर दोन तास नाहीत, ९६ मिनिटं. चंद्रग्रहणाच्या रात्री सात मित्रमैत्रिणी जेवायला बसतात, फोन टेबलावर, येईल तो मेसेज सगळ्यांसमोर वाचायचा. संसारांची राखरांगोळी होते. मग ग्रहण सुटतं, अंगठी गरगर फिरत राहते आणि कळतं, यजमान रोक्कोने तो खेळ होऊच दिला नव्हता. मंडळी हसत घरी. बियांका नवऱ्याच्या कुशीत, आणि तो काय आहे हे फक्त आपल्याला माहीत. याहून क्रूर शेवट कोणता हवा होता?

कोथरूडचा_काका: ते 'कोणीतरी' मीच. पाचवीतला मुलगा निबंध आटपेना की लिहितो, "आणि मला जाग आली." पेप्पेचं बघा. आपण समलिंगी आहोत हे मित्रांना सांगायला किती वर्षं लागली त्याला! लेलेने त्याच्याशी फोन बदलून घेतला नसता तर तेही झालं नसतं. दिग्दर्शक जेनोवेझेने ते धाडस देऊन परत काढून घेतलं.

सानिका_नाशिक: लेले हे नाव ऐकून आमच्याकडे पहिली दहा मिनिटं हसण्यातच गेली 😄 बाकी, लपवायचं नसेल तर फोन द्यायला काय हरकत? आमच्याकडे दोघांचे पासवर्ड दोघांना माहीत.

तिरकस: लपवायचं नसतं तरी आंघोळीला कडी लावतोच की.

सानिका_नाशिक: नवऱ्यासमोर कसली कडी?

गप्पिष्ट_गोंयकार: ताई, मी बघितला बायकोचा फोन, एकदाच. भलतंसलतं काहीच नव्हतं. बहिणीला लिहिलं होतं, "हा घरी आला की मला श्वास घ्यावासा वाटत नाही." अकरा वर्षं झाली. अजून दारात चपला काढताना ते वाक्य आठवतं. तिला मी विचारलेलं नाही.

सानिका_नाशिक: मग विचारा ना! तेच तर म्हणतेय मी.

तिरकस: सगळं विचारून मोकळं व्हायला संसार म्हणजे पोलीस चौकी आहे का?

सानिका_नाशिक: तुमचं लग्न झालंय का हो? नाही, सहज विचारलं.

तिरकस: झालं होतं. समाधान?

कोथरूडचा_काका: धागा सिनेमाचा आहे, याद असू द्या. रोक्को मुलीशी फोनवर बोलतो तो प्रसंग कोणालाच आठवत नाही. सगळे ऐकताहेत आणि हा माणूस लेकीला म्हणतो, निर्णय तुझा. मला माझ्या मुलीशी असं बोलता आलं नाही, ती आता फोनच उचलत नाही. असो.

तिरकस: काका, तोच तर शहाणा. त्यानेच खेळ नाकारला. म्हणजे शेवट पटकथेत आधीपासून पेरलेला आहे.

कोथरूडचा_काका: बरं, पेरलेला. घ्या, तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. पेप्पेचं उत्तर अजून दिलेलं नाही.

सानिका_नाशिक: २०१९ मध्ये गिनीजने १८ रिमेक मोजले होते याचे. मग हिंदीतही आला, अक्षय कुमारचा. १८ देशांत बायका फोन मागतात म्हणजे चूक बायकांचीच ना?

गप्पिष्ट_गोंयकार: आज रात्री विचारतो तिला. बघू.

तिरकस: नका हो.